१५८ रुपयांची कपात

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही दोघांनी ऑस्ट्रेलियाचं नक्की केलं, तेव्हा कामाचा क्रम माझ्या डोक्यात अगदी सरळ होता. कागद गोळा करायचे, फी भरायची, वाट बघायची. बी.ई. मेकॅनिकल, पुणे विद्यापीठ, २०१२ ची बॅच. तेव्हापासून भोसरी, चाकण, तळेगाव. मुलासाठी घरी राहिले ती दीडेक वर्षं सोडली तर रोज शॉप फ्लोअरवर. मला काय येतं आणि मी किती वर्षं काम केलं, हे सिद्ध करायला असा कितीसा वेळ लागणार? प्रत्यक्षात सप्टेंबर उजाडला. आणि त्यातला बराचसा काळ भोसरीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातली तीन वर्षं कागदावर आणण्यात गेला.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी तुमचा व्यवसाय तिथल्या सरकारच्या यादीत असावा लागतो, आणि त्या व्यवसायासाठी नेमलेल्या संस्थेकडून तुमच्या कौशल्याचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. आयटीवाले ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीकडे जातात, फिटर-वेल्डर वगैरे ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाकडे, आणि आम्ही इंजिनिअर लोक इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे. माझा व्यवसाय त्यांच्या भाषेत ‘प्रॉडक्शन ऑर प्लांट इंजिनिअर’, कोड २३३५१३.

आता पदवी आहे तर मूल्यांकन कशाला, असं माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं. कारण असं, की वॉशिंग्टन अकॉर्ड नावाचा एक करार आहे. त्यातले देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग पदव्या समकक्ष धरतात. भारत त्याचा पूर्ण सदस्य झाला जून २०१४ मध्ये, आणि तेही सरसकट सगळ्या कॉलेजांसाठी नाही. माझी पदवी दोन वर्षं आधीची. म्हणून मला सीडीआरचा रस्ता, म्हणजे कॉम्पिटन्सी डेमॉन्स्ट्रेशन रिपोर्ट. त्यात तीन ‘करिअर एपिसोड’ लिहायचे, प्रत्येक १,००० ते २,५०० शब्दांचा. आपण केलेलं एकेक इंजिनिअरिंगचं काम, परिच्छेदांना क्रमांक देऊन. मग एक समरी स्टेटमेंट. त्यात प्रोफेशनल इंजिनिअरकडून अपेक्षित अशा १६ क्षमता दिलेल्या असतात, आणि प्रत्येकीपुढे लिहायचं, की ही क्षमता माझ्या अमुक एपिसोडच्या तमुक परिच्छेदात दिसते. शिवाय सीव्ही, शिक्षण चालू ठेवल्याची एका पानाची यादी आणि इंग्रजीची परीक्षा.

नोकरीच्या अनुभवाचं मूल्यांकन हा वेगळा भाग. तो ऐच्छिक असतो, फीही वेगळी. मी तो घेतला, आणि का घेतला हे सांगायला गुणांचा हिशोब सांगावा लागेल.

व्हिसासाठी किमान ६५ गुण लागतात, पण ती नुसती दारात उभं राहण्याची अट. व्हिसाचा अर्ज करायचं निमंत्रण वरच्या गुणांपासून खाली येतं, त्यामुळे एकेका पाचाला किंमत आहे. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण. तेहतिसावा वाढदिवस झाला की २५. माझा तेहतिसावा नोव्हेंबर २०२३ मध्ये. ऑस्ट्रेलियाबाहेरचा अनुभव पाच वर्षांचा असेल तर १० गुण, आठ वर्षांचा असेल तर १५. आणि फक्त मागच्या दहा वर्षांतलाच अनुभव धरतात. चाकण आणि तळेगाव मिळून माझी सहा वर्षं आणि वर एखादा महिना होत होता. भोसरीची वर्षं धरली तर आठ ओलांडत होती. म्हणजे भोसरीचे पाच गुण. वयाचे पाच जायच्या आत ते हातात यायला हवे होते.

सुरुवातीला एका कन्सल्टंटकडे गेलो. जंगली महाराज रोडवर चांगलं मोठं ऑफिस, भिंतीवर सिडनीचे फोटो. समोरच्या मुलीनं माझा सीव्ही वाचला आणि म्हणाली, “मॅडम, एपिसोडचं टेन्शनच घेऊ नका. मेकॅनिकलचे आमच्याकडे तयार आहेत. कंपनीचं नाव, मशिनची नावं तेवढी द्या, पंधरा दिवसांत पॅकेज हातात.” पस्तीस हजार रुपये. मी विचारलं, तयार म्हणजे कोणी लिहिलेले? त्यावर ती नुसती हसली. नवऱ्याला तो खर्च परवडणारा वाटला. घर, नोकरी, मूल सांभाळून मी कधी लिहिणार, हा त्याचा प्रश्न खराच होता. पण एपिसोडच्या खाली मला सही करायची होती की हे माझं काम आहे आणि मीच लिहिलं आहे. शिवाय इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे आलेला मजकूर आधीच्या मजकुरांशी ताडून बघितला जातो. चोरी निघाली तर अर्ज नाकारतातच, वर काही काळ पुन्हा अर्जही करता येत नाही. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, दहा वर्षं ज्या कामात हात काळे केले त्याबद्दल दुसऱ्या कोणाचे शब्द मला नको होते. आम्ही तिथून उठलो. खाली रसवंतीत बसून नवऱ्याला म्हटलं, रोज रात्री दोन तास दे, मुलाला तू झोपव. त्यानं चार महिने झोपवलं.

कागदांपैकी सोपे कागद पटापट झाले. विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज केला. माझ्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे आणि ट्रान्सक्रिप्टवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’, कारण २०१४ मध्ये नामविस्तार झाला. तिकडच्या माणसाला ही दोन वेगळी विद्यापीठं वाटू नयेत म्हणून मी चार ओळींचं स्पष्टीकरण जोडलं. नावाचा घोळ माझाही होता. पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. परक्या माणसानं दोन्ही कागद शेजारी ठेवले तर तीनपैकी फक्त पहिलं नाव जुळतं. लग्नाचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही जोडलं. ज्या मुलींनी लग्नानंतर राजपत्र केलेलं नाही त्यांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं. सगळे कागद मूळ प्रतीवरून रंगीत स्कॅन करून लागतात, काळीपांढरी झेरॉक्स चालत नाही.

चाकणच्या कंपनीनं नुसतं सर्व्हिस सर्टिफिकेट दिलं होतं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, पद अमुक, शुभेच्छा. त्याचा इथे उपयोग नाही. कंपनीच्या लेटरहेडवर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य म्हणजे तुम्ही करत असलेली कामं हवीत. एचआरचं म्हणणं, आमच्या फॉरमॅटमध्ये कामं लिहीत नाहीत. तीन मेल, दोन फोन आणि एक चक्कर, शेवटी माझे जुने मॅनेजर मध्ये पडले तेव्हा पत्र मिळालं. फॉर्म १६ आणि २६एएस हे कराचे कागद, पीएफचं पासबुक, बँकेची स्टेटमेंट हे सगळं ऑनलाइन होतं. तळेगावचं तर एका आठवड्यात झालं.

राहिली भोसरी.

जुलै २०१२ ते सप्टेंबर २०१५. एका शेडमध्ये चार पॉवर प्रेस, मागे टूलरूम, माळ्यावर ऑफिस. मालक, टूलरूमचे अण्णा, मी आणि बाकीचे धरून आम्ही चौदाजण. गाड्यांच्या सीटखालचे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असलं काम. मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्याला माल पुरवणारे आम्ही. २०१९ मध्ये तो कारखाना बंद झाला. मी गेले तेव्हा त्या शेडमध्ये पॅकिंगच्या खोक्यांचं गोडाऊन होतं. फाटकावरच्या पाटीचे फक्त खिळे उरलेले.

पगार नऊ हजार. चौदाजण म्हणजे पीएफ नाही, कारण तो कायदा वीस माणसांपासून पुढे लागतो. वर्षाचे एक लाख आठ हजार, आणि त्या वर्षी दोन लाखांपर्यंत करच नव्हता. म्हणजे फॉर्म १६ नाही, रिटर्न नाही. पगार चेकनं मिळायचा, पण ते बँक खातं लग्नानंतर मी बंद केलं होतं. मालकांनी पत्र दिलं तरी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मालकाचा शब्द तेवढा हातात राहणार होता. सोबत त्रयस्थाचा कागद हवा होता: कर खातं, भविष्य निर्वाह निधी, सामाजिक विमा, असं कुठलंतरी.

मालकांचा फोन लागला. चिंचवडला संभाजीनगरात राहतात, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. “ये की,” म्हणाले. मी घरूनच पत्राचा मसुदा टाइप करून नेला होता, त्यांना त्रास नको म्हणून. काकूंनी पोहे केले. साहेबांनी चष्मा लावला आणि ओळ न् ओळ बोट ठेवून वाचायला लागले. तिसऱ्या मुद्द्यावर बोट थांबलं. मी लिहिलं होतं, ‘प्रेस टूलचं डिझाइन आणि विकास.’ प्रेस टूल म्हणजे पत्रा कापायचा साचा, आमच्या बोलण्यात डाय.

“ही डाय तू डिझाइन केलीस?”

मी म्हटलं, “म्हणजे साहेब, ब्रॅकेटच्या डायवर मी काम केलं होतं ना.”

“काम केलंस. डिझाइन अण्णांचं. कागदावर ड्रॉइंगसुद्धा नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. तू काय केलंस ते लिही.”

आवाजात राग नव्हता. मजुरीच्या बिलातला चुकलेला आकडा दाखवावा तसं त्यांनी दाखवलं. पण मला कानकोंडं झालं. मी खोटं लिहायला बसले नव्हते. सगळ्यांच्याच पत्रात ‘डिझाइन आणि विकास’ असतं, म्हणून लिहिलं होतं. साहेबांनी पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि विचारलं, “बुशचं कोणी शोधलं होतं?”

ते मी शोधलं होतं.

ती गोष्ट अशी. दोन मिलिमीटर पत्र्याचा ब्रॅकेट. कापल्यावर कडेला जी धारदार कोर राहते तिला बर म्हणतात. गिऱ्हाइकाची मर्यादा ०.२० मिलिमीटर. आमची बर त्याच्या वर जायची आणि माल परत यायचा. अण्णा डाय उतरवायचे, ग्राइंडिंग करायचे, चार दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच. मी तेव्हा बावीस वर्षांची, नुकती लागलेली. अण्णांना शिकवायची माझी लायकी नव्हती आणि इच्छाही नव्हती. मी फक्त मोजायला लागले. एका लाँगबुकात तारीख, किती स्ट्रोक झाले आणि ब्रॅकेटच्या चार बाजूंची बर. दोन आठवड्यांनी पानं उलटताना दिसलं की वाढते आहे ती फक्त उजव्या बाजूची. बाकीच्या तीन बाजू ०.०८, ०.१० वर शांत, आणि उजवी ०.२८. पंच, म्हणजे वरून उतरून पत्रा कापणारा भाग, बोथट झाला असता तर चारही बाजू वाढायला हव्या होत्या. एकच बाजू वाढते म्हणजे पंच मधोमध उतरत नाही. पंच आणि डायमध्ये प्रत्येक बाजूला ०.१० मिलिमीटर फट हवी. पंच सरकला की एकीकडे फट कमी, दुसरीकडे जास्त, आणि जिकडे घासतो तिकडची धार लवकर मरते. डायचे वरचे-खालचे भाग एका रेषेत ठेवणाऱ्या खांबावर, म्हणजे गाइड पिलरवर, डायल गेज लावला. एका बुशमध्ये, म्हणजे त्या खांबावर सरकणाऱ्या नळीत, ०.०६ चा खेळ. बुश झिजलं होतं. ते बदललं, पंच पुन्हा मध्यावर आणला, आणि रिग्राइंडिंग अंदाजानं न करता २५,००० स्ट्रोकला करायचं असं ठरवून घेतलं.

साहेबांना हे सगळं आठवत होतं. माझ्यापेक्षा जास्त. “आणि ते बाराशे पीस?” ते म्हणाले. मी विसरूनच गेले होते. बुश बदलायच्या आधीचा एक लॉट पॅक झाला होता, टेंपो दारात उभा होता, गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं. मी वही घेऊन खाली आले आणि म्हटलं हा लॉट जाऊ देऊ नका, उजवी बाजू मर्यादेच्या वर आहे. साहेब तेव्हा माझ्यावर चिडले होते. टेंपो परत पाठवला, दोन दिवस बसून बाराशे पीसची कोर काढली. “ते लिही,” साहेब म्हणाले. “ते तूच केलंस. मी तर पाठवायला निघालो होतो.”

एक ओळ खोडून त्यांनी मला दुसरी दिली. समरी स्टेटमेंटमध्ये ‘नैतिक आचरण आणि व्यावसायिक जबाबदारी’ अशी एक क्षमता आहे, तिसऱ्या गटातली पहिली. तिच्यापुढे काय लिहावं हे महिनाभर सुचत नव्हतं. तिथे तो टेंपो आला.

पत्र साहेबांनी उरलेल्या जुन्या लेटरहेडवर दिलं. कारखाना २०१९ मध्ये बंद झाल्याचं त्यांनीच आग्रहानं त्यात लिहायला लावलं, खाली घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर दिला.

ती वही मिळाली माहेरी, सांगवीत, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. माझ्या नोंदी पुढच्या चाळीस पानांत. मागच्या कोऱ्या पानांवर आईनं २०१६ चा दुधाचा हिशोब लिहिलेला, म्हणूनच ती रद्दीत गेली नव्हती. पानांच्या कडांना तेलाचे डाग, काही आकड्यांवर बोटाचा ठसा. मधल्या पानांत पगाराच्या तीन चिठ्ठ्या घडी करून ठेवलेल्या. बिलाच्या कागदाएवढी पट्टी, त्यावर बॉलपेननं: एकूण ९,०००. ईएसआय १५८. हातात ८,८४२ वजा उचल.

१५८. मी ट्रंकेशेजारी तशीच बसले. पीएफसाठी वीस माणसं लागतात, पण वीज वापरणाऱ्या कारखान्याला राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, दहा माणसांवर लागू होतो. आम्ही चौदा होतो. तेव्हा कामगाराच्या पगारातून पावणेदोन टक्के कापायचे. नऊ हजारांचे एकशे सत्तावन्न रुपये पन्नास पैसे, वरच्या रुपयाला पूर्ण करून १५८. ही कपात मला तेव्हा फार खुपायची. मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयात मी तीन वर्षांत एकदाच गेले, अंगठ्याला पत्रा लागला तेव्हा. पण दर महिन्याला माझ्या नावानं सरकारदरबारी पैसे जमा होत होते, म्हणजे तिथे दर महिन्याची नोंद असणार. चिठ्ठीच्या कोपऱ्यात विमा क्रमांकही होता.

ऑनलाइन खातं उघडेना, कारण जुना मोबाइल नंबर कधीच बंद झालेला. मग बिबवेवाडीला पंचदीप भवनात गेले. आधार, लग्नाचा दाखला, राजपत्र, पगाराची चिठ्ठी. खिडकीमागच्या बाईंनी क्रमांक टाकला, माहेरचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, “तुम्हीच का?” म्हणाल्या आणि मोबाइल नंबर बदलून दिला. दुपारी तिथल्याच बाकावर बसून मी फोनवर खातं उघडलं. सहा-सहा महिन्यांचे अंशदानाचे कालखंड, कारखान्याचं नाव, किती दिवसांचा पगार, किती कपात. एकही महिना गळलेला नव्हता. साहेबांनी मंदीतसुद्धा आमचे पैसे वेळेवर भरले होते. छोट्या कारखान्यांत हे गृहीत धरता येत नाही, ते काम करणाऱ्यांना माहीत आहे.

एपिसोड लिहिणं हे त्यानंतरचं. पहिला मसुदा मी बहिणीला वाचायला दिला. ती इंजिनिअर नाही, शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं वाचून विचारलं, “यात तू कुठे आहेस?” खरंच नव्हते. सगळीकडे ‘आम्ही’. आम्ही अभ्यास केला, आम्ही उपाय योजला. आणि जिथे ‘आम्ही’ नाही तिथे कर्ताच नाही: बुश बदलण्यात आले, फिक्स्चर बसवण्यात आले, रिजेक्शन कमी झाले. आपण रोजचं बोलतोच असं. शॉप फ्लोअरवर ‘मी केलं’ म्हणणाऱ्याकडे लोक वळून बघतात. रिपोर्टमध्ये तर वर्षानुवर्षं ‘करण्यात आले’ हीच शिस्त शिकवलेली. पण मूल्यांकन करणाऱ्याला टीमचं काम नको असतं, त्या कामातला माझा वाटा हवा असतो. सूचनांमध्येही हे स्पष्ट आहे: प्रथमपुरुषी लिहा, तुम्ही स्वतः काय केलं ते लिहा.

तेव्हा मी साहेबांचं पेन आठवून बसले. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: हे कोणी केलं? अण्णांनी केलं असेल तर ‘टूलमेकरनं केलं’ असं लिहिलं. ठरवलं साहेबांनी असेल तर तसं. उरलं त्याला ‘मी’. पहिल्यांदा ‘मी’ फारच थोडे उरले आणि धास्ती वाटली. पण उरलेल्या प्रत्येक ‘मी’बद्दल कितीही प्रश्न विचारले तरी उत्तर देता येत होतं. मी काय मोजलं, कशानं मोजलं, कोणते दोन पर्याय होते आणि त्यातला एक का सोडला. हे लिहायला लागल्यावर एपिसोड आपोआप भरला. डाय पूर्ण नवी करायचा पर्यायही तेव्हा निघाला होता. तो मी खर्चाचा हिशोब मांडून सोडायला लावला होता, हेही वहीतच सापडलं.

दुसरा एपिसोड चाकणच्या वेल्डिंग फिक्स्चरचा, तो तुलनेनं सोपा गेला, ड्रॉइंग आणि मेल दोन्ही होते. तिसरा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर लिहिला, तसं चालतं. दौंडकडच्या एका गुऱ्हाळाच्या भट्टीत चिपाड किती जळतं आणि धुराड्यातून उष्णता किती वाया जाते याचा हिशोब आम्ही चौघांनी केला होता. माझ्याकडे उष्णतेचा ताळेबंद होता, तेवढाच लिहिला.

समरी स्टेटमेंटसाठी मी तिन्ही एपिसोडची पानं हॉलमध्ये जमिनीवर मांडली आणि मुलाचे खडू घेतले. ज्ञानाच्या सहा क्षमता हिरव्या, प्रत्यक्ष कामाच्या चार निळ्या, व्यावसायिक वागणुकीच्या सहा लाल. ज्या परिच्छेदाला एकही रंग लागत नव्हता तो काढून टाकला. असे अकरा निघाले. सगळ्यात जास्त त्रास शाश्वत अभियांत्रिकीनं दिला. शेवटी तिथे भंगाराचे आकडे दिले: परत आलेला ब्रॅकेट म्हणजे फुकट गेलेला पोलाद आणि फुकट गेलेली वीज. ‘टीममधलं काम’ ही शेवटची क्षमता मात्र भरून वाहत होती. तिथे अण्णा आले.

मे महिन्याच्या शेवटी अर्ज गेला. ऑगस्टमध्ये एक प्रश्न आला. पहिल्या नोकरीचं पत्र देणारा कारखाना आता अस्तित्वात नाही, तर कामाच्या स्वरूपाचा आणखी काही पुरावा आहे का? मी वहीची सहा पानं स्कॅन करून पाठवली, तेलाच्या डागांसकट, सोबत प्रत्येक पानाचं इंग्रजी भाषांतर. काही शेरे मराठीत होते. एका पानावर ‘अण्णा म्हणतात ग्राइंडिंग करू, मला बुश बघायचंय’ असं लिहिलेलं होतं. त्याचं भाषांतर करताना माझा हात थोडा थांबला, पण जसं होतं तसंच केलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गणपतीची सफाई चालली असताना, मेल आला. प्रोफेशनल इंजिनिअर, २३३५१३. खाली तीन नोकऱ्या, पहिल्या ओळीत भोसरीचा कारखाना, पद, तारखा. त्याच रात्री नवऱ्यानं आणि मी मिळून एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट, म्हणजे व्हिसासाठी इच्छुक असल्याचा अर्ज, भरला. भोसरीचे पाच गुण जमेस आहेत. हे लिहिते आहे तेव्हा माझ्या वाढदिवसाला पाच आठवडे आहेत आणि निमंत्रण आलेलं नाही.

गौरी-गणपतीत चिंचवडला जाऊन आले. साहेबांनी पत्र हातात घेतलं, चष्मा लावला, पुन्हा बोट ठेवून वाचलं. कारखान्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग बरोबर आहे ना, ते दोनदा बघितलं. मग म्हणाले, “अण्णांना दाखवलंस का? ते आळंदीला असतात मुलाकडे.” पत्ता काकूंच्या डायरीत होता. तो मी लिहून घेतला. साहेब म्हणाले, एक झेरॉक्स इथेही ठेवून जा.